चौदाव्या नंबरची चापट

विमानातून उडी मारताना भीती वाटते का, हा प्रश्न मला धायरीतल्या प्रत्येक लग्नात विचारला जातो. शेजारी बसलेला माणूस जिलबी तोडता तोडता विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगतो की त्याला जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा गरगरतं. मग मी मुकाट्यानं जेवतो. खरं उत्तर असं आहे की दारात भीती वाटत नाही, दारात वेळच नसतो. भीती वाटते ती त्याआधी, रांगेत उभं राहून मागच्या माणसाची वाट बघताना.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी पॅराशूटवाल्या पलटणीत शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. विमानात आम्ही एकामागे एक रांगेत उभे राहतो. प्रत्येकाच्या पाठीवर पॅराशूट असतं आणि ज्याच्या पाठीवर असतं त्याला ते दिसत नाही. म्हणून मागच्यानं पुढच्याची पाठ तपासायची. दोरी मोकळी आहे, हूक लागलाय, पट्टा पिळलेला नाही, एवढं बघायचं, पुढच्याच्या खांद्यावर सणसणीत चापट मारायची आणि आपला नंबर ओरडायचा. सुरुवात शेवटच्यापासून. 'चौदा ओके' म्हणत चौदा नंबर तेराला चापट मारतो. मग तेरा बाराची पाठ बघतो, चापट मारतो, 'तेरा ओके'. असं करत ती चापट दारातल्या पहिल्यापर्यंत पोचते. नियम एकच. मागून चापट मिळाल्याशिवाय पुढे ओके द्यायचं नाही. तुमच्या ओकेचा अर्थ एवढाच नाही की तुम्ही ठीक आहात. तुमच्या मागची सगळी माणसं ठीक आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

हा नियम मी एकदा सरावात मोडला. विमानात गोंगाट, मागच्याला उशीर होत होता, म्हणून चापट न मिळताच मी 'तेरा ओके' ओरडून मोकळा झालो. दाराशी मेजर करंदीकर उभे होते. त्यांनी उडी रद्द केली, विमान परत फिरवलं आणि जमिनीवर उतरल्यावर मला बाजूला घेतलं.

"पोकळे, मागे न बघता हो म्हणायची सवय लग्नात उपयोगी पडते. आपण अजून लग्न केलेलं नाही ना?"

"नाही साहेब."

"मग करून घ्या. इथं ती चालत नाही."

करंदीकर साहेब मूळचे शनिवार पेठेतले. आमच्या पलटणीत बहुतेक मराठी पोरं, त्यामुळे साहेबांच्या जिभेचा पट्टा आम्हाला अस्सल मिळायचा. ते कधी आवाज चढवत नसत. रोज आम्हाला अरेतुरे करायचे, पण 'आपण' म्हणाले की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. पुढे लढाईत त्यांना मोठं पदक मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलं की ते सिंहासारखे गरजले. मी तिथं होतो. ते गरजले वगैरे काही नाहीत. जन्मात गरजले नाहीत.

त्या लढाईत आम्ही उड्या मारल्याच नाहीत. पॅराशूटवाल्यांना लोक आकाशात शोधतात, पण आम्हाला बहुतेक वेळा पायीच मरायला पाठवतात. उंच डोंगराची धार होती, धारेवर शत्रूचा दगडी मोर्चा, आणि त्याच्या मशीनगनखाली खालच्या उतारावर आमची एक कंपनी दोन दिवस अडकून पडली होती. मागच्या बाजूनं एक अरुंद घळ वर जात होती. त्या घळीनं चढून मोर्च्याच्या पाठीवर जायचं, असं ठरलं. चौदा माणसं. सगळे म्हणत होते की अंधार पडेपर्यंत थांबू. सकाळी अकराच्या सुमाराला धुकं उतरलं. असं धुकं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. दुधात बुडाल्यासारखं झालं. स्वतःच्या हातातली बंदूक दिसेना.

साहेब म्हणाले, "रात्री ते जागे असतात. आता जेवत असतील. चला."

खालच्यांना अजून एक दिवस काढणं शक्य नव्हतं, त्यांच्याकडचं पाणी संपलं होतं. हे साहेबांनी आम्हाला सांगितलं नाही, पण वायरलेसवर आम्ही ऐकलं होतं.

रांग विमानातलीच ठेवली. साहेबांचा हुकूम होता, कारण त्या रांगेची शरीराला सवय होती. साहेब एक नंबर. मी तेरा. माझ्या मागे चौदावा, लान्स नायक गायकवाड. भीमराव गायकवाड येरवड्याचा. माझा दोस्त म्हणा, शत्रू म्हणा, बरॅकमध्ये आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. निवांत गडी. अंघोळीला उशीर, जेवायला उशीर, पत्राला उत्तर द्यायला उशीर. त्याला मुलगी झाली तेव्हा तारसुद्धा त्यानं दोन दिवस न फोडता खिशात ठेवली होती. म्हणायचा, 'बातमी चांगलीच आहे, जाते कुठं?' एवढ्या निवांत माणसाला शेवटचा नंबर का देतात, असं मी एकदा साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, शेवटी असा माणूस लागतो जो घाई करत नाही.

घळीत तीन टप्पे होते. पुढचे दोघं दोर बांधत जायचे, बाकीचे दोर धरून चढायचे. प्रत्येक टप्प्यावर थांबून मोजणी. ओरडायची सोय नव्हती, म्हणून चापट हलकी आणि नंबर ओठातल्या ओठात. पहिल्या टप्प्यावर गायकवाडची चापट आली. "चौदा ओके," तो कानाशी म्हणाला आणि वर पुटपुटला, "पोकळ्या, माझे बूट चावतायत." हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दुसऱ्या टप्प्यावर मी वाट पाहिली आणि चापट आली नाही. धुकं पातळ व्हायला लागलं होतं, वर आभाळ उजळल्यासारखं दिसत होतं. धुकं उडालं असतं तर चौदाही जण भिंतीवरच्या पालीसारखे दिसलो असतो. बारा नंबर मागे वळून माझ्याकडे बघत होता. आपल्या तोफा शेजारच्या कड्यावर मारा करत होत्या, दगड गडगडत होते, त्यात वेगळं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला वाटलं, येतोय तो, नेहमीसारखा उशिरा. मी बाराच्या खांद्यावर चापट मारली आणि म्हणालो, "तेरा ओके."

हे मी आजवर लिहिलं नव्हतं. लिहायला दोन ओळी लागल्या.

तिसरा टप्पा म्हणजे मोर्च्याच्या अगदी खालची कपार. धुकं पुन्हा दाट झालं होतं. वर भांड्यांचा आवाज येत होता. तिथंही चापट आली नाही आणि तिथंही मी ओके दिलं, कारण आता नाही म्हणायचं तर आधीचं खोटं उघडं करावं लागलं असतं. मग साहेब पुढून मागे आले. कपारीच्या कडेनं, एक पाय दरीत, प्रत्येकाच्या हेल्मेटवर उजवा हात ठेवत, प्रत्येकाला एखादं वाक्य बोलत. माझ्याजवळ थांबले.

"दम लागलाय?"

"नाही साहेब."

"खोटं बोलू नकोस. लागू दे. त्यांना नाही लागणार, ते बसलेत."

हसू आलं मला. खरंच. आणि मग साहेब माझ्या मागे गेले. मला दिसलं काही नाही, पण ऐकलं. दोन पावलं, मग थांबणं, मग हलक्या आवाजात काहीतरी बोलणं. कुणाशी तरी बोलतात तसं, मध्ये थांबून. मग परत आले आणि मला ओलांडून पुढे गेले. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे गायकवाड पोचला. मी मागे हात लांब करून चाचपडलो नाही. एक हात लांब करायचा होता फक्त.

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, आणि ते बरंचसं खरं आहे. साहेब सगळ्यात आधी वर गेले. त्यांच्या डाव्या दंडातून गोळी गेली तरी ते थांबले नाहीत. आम्ही त्यांच्यामागे गेलो कारण ते असे चालले होते की जणू कुणाला उसनं दिलेलं पुस्तक परत मागायला निघालेत. त्या चालण्याकडे बघून घाबरणं जमेना. पाव तासात मोर्चा पडला. खालची कंपनी सुटली. आमच्यातल्या तिघांना जखमा झाल्या आणि मेलं कुणी नाही, असं सगळ्यांना वाटलं.

दंडाला पट्टी बांधून घेता घेता साहेबांनी मोजलं. तेरा. पुन्हा मोजलं. तेरा.

"गायकवाड?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "पोकळे, मोजणी?"

"चापट मिळाली होती, साहेब."

"तीनदा?"

"तीनदा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता 'आपण' म्हणतील. पण ते नुसतं "ठीक आहे" म्हणाले आणि वळले.

धुकं गेल्यावर दुर्बिणीतून गायकवाड दिसला. पहिल्या टप्प्याच्या जरासा वर, दोराच्या बाजूला, एका फळीएवढ्या दगडावर बसलेला. दोघांना घेऊन मी खाली उतरलो. पाय मोडला होता, मांडीतून रक्त गेलं होतं. पट्टीचं पुडकं त्यानं फोडलं होतं, दोन वेढे घातले होते आणि बाकीची पट्टी मांडीवर तशीच होती. उजवा हात पुढे आलेला, बोटं सरळ, तळवा उघडा. मी तो हात खाली करायचा प्रयत्न केला आणि तो होईना. डॉक्टर नंतर म्हणाले की पडल्यावर अर्धा तास तरी जिवंत असेल. अर्ध्या तासात आम्ही दुसरा टप्पा आणि तिसरा टप्पा केला होता.

साहेबांनी अहवालात लिहिलं की अखेरची मोजणी त्यांनी स्वतः केली होती आणि ती पूर्ण होती. गायकवाडच्या बायकोला त्यांनी हातानं पत्र लिहिलं, टाकायला माझ्याकडेच दिलं, उघडं. त्यात होतं, 'आपले पती अखेरपर्यंत तुकडीबरोबर होते.' मी ते वाचलं आणि पाकिटाला डिंक लावला. माझ्यासाठी या माणसानं खोटं लिहिलं, असं मी धरून चाललो. त्या उपकाराखाली मी पंचवीसएक वर्षं वाकून राहिलो आहे.

त्यानंतर नोकरीत मी एक केलं. कुठल्याही रांगेत शेवटचा नंबर मीच घेतला. पुढे उस्ताद झालो, पोरांना उड्या शिकवायला लागलो, तेव्हाही शेवटच्याच्या मागे उभा राहायचो. लोकांना वाटायचं, पोकळे उस्ताद फार जबाबदार. एकदा साताऱ्याकडचं एक पोरगं जमिनीवर उतरल्यावर माझ्याकडे आलं आणि म्हणालं, "उस्ताद, मला दोन चापटा का मारल्या?" मी एकच मारली होती. मी त्याला म्हणालो, घाबरलेला होतास, मोजता आलं नसेल. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पोरानं तेच विचारलं. त्यालाही तेच सांगितलं. तिसऱ्यानं विचारायच्या आत मी बदली मागून घेतली.

आता घरात आमची ही म्हणते की तुम्हाला निवृत्त कुणी केलं? सिंहगडावर जरी गेलो तरी खाली उतरल्यावर मी माणसं मोजतो, आणि सुनेच्या माहेरचे लोक आले की दोनदा मोजतो. ही हसते. मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी गायकवाडची मुलगी घरी आली. प्रज्ञा. बाप गेला तेव्हा ती रांगत होती, आता हिंजवडीत चांगली नोकरी करते. तिची आई, म्हणजे गायकवाड वहिनी, मागच्या वर्षी गेल्या, त्यांची ट्रंक आवरताना तिला दोन कागद मिळाले. एक साहेबांचं पत्र. दुसरा लष्करी इस्पितळाचा, त्यात मृतदेह कुठून आणला ते लिहिलं होतं.

"काका, हे दोन पेपर्स मॅच होत नाहीत," ती म्हणाली. "साहेब म्हणतात बाबा टीमबरोबर होते. हॉस्पिटल म्हणतं खाली सापडले. आई एवढ्या वर्षांत पत्रच वाचायची, हा दुसरा तिनं कधी दाखवलाच नाही. मला कुणाला ब्लेम नाही करायचंय. फक्त एकच विचारायचंय. बाबा एकटे होते का?"

मी पाणी प्यायलो. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हणालो, "साहेबांकडे जाऊ." मोर्च्यावर चढलेला माणूस मी, एका पोरीसमोरून मागच्या दारानं पळालो.

साहेब आता शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. काठी घेऊन चालतात, उजवा हात सतत थरथरतो. पदक बिस्किटांच्या डब्यात आहे, हे मला माहीत आहे, कारण एकदा बिस्किटं शोधताना मलाच सापडलं. आम्ही दुपारी चारला पोचलो. साहेबांनी दार उघडलं, प्रज्ञाकडे बघितलं आणि आम्ही काही सांगायच्या आत म्हणाले, "गायकवाड. कपाळ तेच आहे. ये, बस. चहा पोकळे करतील, मला सांडतो."

चहा झाला. प्रज्ञानं दोन्ही कागद स्टुलावर ठेवले आणि तेच विचारलं. साहेब पत्र डोळ्यांशी धरून वाचू लागले. आता हे माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलणार, असं मला दिसलं आणि मला ते सहन होईना.

"साहेब, मला चापट मिळाली नव्हती," मी म्हणालो. "दुसऱ्या टप्प्यावर नाही, तिसऱ्यावरही नाही. तरी मी ओके दिलं. वर तुम्हाला खोटं सांगितलं. प्रज्ञा, तो एकटा होता. मी थांबलो असतो तर दोर खाली गेला असता. मला माफ कर म्हणायचं तोंड नाही माझं."

रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती.

साहेबांनी पत्र खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मी गोळी लागल्यावरही असा पाहिला नव्हता.

"पोकळे," ते म्हणाले, "तिसऱ्या टप्प्यावर चापट नव्हती, हे आपण नक्की सांगताय?"

आपण.

"नक्की, साहेब. पण तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही माझ्यासाठीच..."

"मला काहीही माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी कुणासाठी खोटं लिहीत नाही. तिथं मी तुमच्या मागे गेलो. एक माणूस बसला होता. मी हेल्मेटवर हात ठेवला आणि म्हणालो, आलास का गायकवाड, बरं झालं. माझ्या हाताखाली डोकं हललं. मी चौदा मोजले आणि पुढे आलो. खाली तो कुठं सापडला ते कळल्यावर मी स्वतःला वेडा ठरवणार होतो, पण तुम्हालाही चापट मिळाली होती. दोन माणसांना एकच भास होत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं झोपतोय." त्यांनी आपला थरथरता हात उलटा करून तळव्याकडे बघितलं. "आता आपण म्हणता चापट नव्हती. मग मी हात कुणाच्या डोक्यावर ठेवला?"

साहेबांचं ते मागे जाणं, ते थांबून थांबून बोलणं मी या कानांनी ऐकलं होतं, आणि त्याच्याच भरवशावर मी हात मागे केला नव्हता. मी त्यांच्यावर विसंबलो आणि ते माझ्यावर.

प्रज्ञा उठली. साहेबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली. "कुठला हात, काका?"

साहेबांनी उजवा हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. "असा?"

साहेबांचा हात थरथरायचा थांबला. मी खोटं सांगत नाही, मी आता खोटं सोडलं आहे. तिनं हळूच मान हलवली. साहेबांनी डोळे मिटले.

"चौदा," ते म्हणाले.

मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. विमानाच्या दाराशी उभे राहून बघायचे तसं. आता तेराचा, म्हणजे माझा नंबर होता.

माझ्या पाठीमागे भिंत होती. तरीसुद्धा यावेळी मी थांबलो.